पांढरी पाच

पत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं. ‘संगीत नीलकळा : रंगभूमीवरून रुपेरी पडद्यावर. नव्यानं स्वच्छ केलेली प्रत. रविवारी सकाळी दहा वाजता. नायिकेनं स्वतः गायलेल्या अजरामर पदांसह.’

अरिबानं शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि पत्रक ऑर्गनच्या झाकणावर आपटलं.

“हळू,” तिचे आजोबा सलाउद्दीन म्हणाले. “झाकण सागवानी आहे, पण बिजागरी माझ्या वयाची आहे.”

“दादा, तुम्ही वाचलंत का हे? ‘नायिकेनं स्वतः गायलेल्या.’ त्या नायिकेनं नुसते ओठ हलवले. गायल्या वत्सलाआजी. पेटी तुम्ही वाजवली. आणि हे लोक अजून तेच छापतात.”

सलाउद्दीन हातातल्या हार्मोनियमचा भाता चिकटवत राहिले. चौक मंडईच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं दुकान दहा बाय बाराचं, आणि त्यातली निम्मी जागा त्या पायपेटीनं, म्हणजे नाटक कंपनीच्या जुन्या ऑर्गननं अडवलेली. कंपनी बुडाली तेव्हा मालक मल्हारीरावांनी शेवटच्या पगाराऐवजी तो ऑर्गन आपल्या पेटीमास्तरांना देऊन टाकला होता. सलाउद्दीन रोज त्याच्यावरची धूळ झटकत, पण वाजवत कधीच नसत.

घडलं ते नाशिकातल्या जुन्या नाटकवाल्यांना तोंडपाठ होतं. पन्नास-एक वर्षांपूर्वी ‘नीलकळा’ सिन्नर, नांदगाव, सटाणा असं सगळीकडे गाजत होतं. त्यावर सिनेमा काढायचं ठरलं. निर्मात्याची माणसं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन नाशिकला आली आणि रिकाम्या नाट्यगृहात कंपनीच्या गायिका-नटी वत्सलाबाईंकडून सगळी पदं गाऊन घेतली. हा फक्त नमुना आहे, म्हणाले. खरं ध्वनिमुद्रण मुंबईत होईल, बाईंनी यावं. बाई गेल्या नाहीत. वर्षभरानं सिनेमा आला. सटाण्याच्या तंबूत तिकीट काढून बसलेल्या वत्सलाबाईंनी आपला आवाज दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकला. नामावलीत त्यांचं नाव नव्हतं. पुढची तीस वर्षं त्यांनी पंचवटीत बालवाडी चालवली.

“परवापर्यंत नवी नामावली तयार होणार आहे,” अरिबा म्हणाली. “सिनेमाआधी जोडणार आहेत. हा खेळ लावणाऱ्या मंडळात मी जाते.”

“बाईंना विचारलंस?”

“विचारलं. म्हणाल्या, माझं नाव पडद्यावर दिसलं तर बघून मरेन, नाही दिसलं तरी मरेनच. पण बघून मेलेलं बरं.”

सलाउद्दीन हसले नाहीत.

मंडळाचं ऑफिस शरणपूर रोडला एका दवाखान्याच्या वर होतं. मंडळाचे चिटणीस दिनेश आहेर हे बँकेतून निवृत्त झालेले, अंगानं भरलेले आणि प्रत्येकाला चहा पाजणारे गृहस्थ होते. त्यांनी अरिबालाही पाजला.

“वत्सलाबाई गायल्या ही दंतकथा आम्हीही ऐकलीय,” ते म्हणाले. “पण बेटा, अशा दंतकथा प्रत्येक सिनेमाच्या मागे असतात. तू काय करतेस?”

“एमएस्सी फिजिक्स. सिन्नरला एमआयडीसीत कंपनांच्या लॅबमध्ये आहे. बेअरिंगचा आवाज मोजून त्यात दोष कुठे आहे ते सांगते.”

“वा. मग तुला पुरावा म्हणजे काय ते कळतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या नामावलीत जे आहे तो कागदोपत्री पुरावा. तुझ्याकडे काय आहे? आजोबांचा शब्द.”

“आणि वत्सलाआजींचा.”

“त्यांचा मी आदरच करतो. पण ते गाणं बघ ना, ‘थबकली नाव काठी’. त्यात धैवतावरून सूर वर जायला निघतो, एक क्षण थांबतो, मधला निषाद गाळतो आणि थेट तार षड्जावर उडी. नाव थबकली तिथं सूर थबकला. ही जागा आज गायनाच्या क्लासांत शिकवतात. हा सिनेमाच्या दिग्दर्शकाचा विचार आहे. कंपनीच्या नाटकात असला विचार कुठून येणार?”

“असं दिग्दर्शकानं कुठं लिहून ठेवलंय?”

“जाणकाराला ते कळतं.”

“म्हणजे आमच्याकडे कागद नाही म्हणून ती दंतकथा, आणि तुमच्याकडे कागद नाही म्हणून तो विचार.”

आहेरांनी कप खाली ठेवला. “उद्या संध्याकाळी पाचपर्यंत काहीतरी ठोस आण. मोजता येईल असं. मी नाव घालतो. नाहीतर, पन्नास वर्षं झाली गं, आता कुणाला काय फरक पडतो?”

“फरक पडत नसेल तर नामावलीच काढून टाका, सर.”

जिना उतरताना तिचे कान तापले होते. ती जागा कुठून आली हे तिला चांगलं ठाऊक होतं. दर ईदला शीरखुर्मा खायला आलेल्या वत्सलाबाई कधीतरी तो विषय काढत आणि स्वतःवरच हसत. “माझा निषाद कच्चा गं. पेटीशी जुळायचाच नाही. मल्हारीराव सगळ्यांसमोर म्हणायचे, बाई, चढा लावताय, पेटी खोटं बोलत नाही. मग मी तो सूर घेणंच सोडलं. धैवतावर श्वास घ्यायचा आणि वर उडी मारायची. लोकांनी त्यालाच वन्स मोअर दिला.” कंपनीत तो कायदाच होता. माणूस बेसूर होऊ शकतो, पेटी नाही.

मोजता येईल असं आण, हे आहेरांचं वाक्य मात्र अरिबाला आवडलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तिनं दिवसभराची रजा टाकली आणि सकाळी सहालाच दुकान उघडून ऑर्गनचं पायडल मारायला बसली. भात्यातून थोडी हवा गळत होती, पण सूर निघत होते. तिनं डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबली, प्रत्येक सूर दहा सेकंद मुद्रित केला आणि लॅपटॉपवर त्याची कंपनसंख्या काढली. मग सिनेमातल्या पदांमधले ऑर्गनचे सुटे तुकडे घेतले आणि त्यांतलेही सूर मोजले.

सिनेमातले सगळे सूर थोडे चढे होते. त्याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. फिल्म जरा वेगात फिरली की सगळेच सूर सारखे वर जातात. त्यांच्यामधलं अंतर बदलत नाही. म्हणून तिनं अंतरंच ताडून पाहिली. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर बहुतेक सूर दोन-तीन भागांच्या आत बरोबर होते, दुकानातही आणि सिनेमातही. एकच सूर सोडून. वरच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दुकानातल्या ऑर्गनमध्ये अठ्ठावीस भाग उतरलेली होती. सिनेमातही अठ्ठावीस.

तिनं तीनदा मोजलं. दोन वेगळ्या ऑर्गनांत नेमका तोच एक सूर नेमका तेवढाच बिघडलेला असणं अशक्यच होतं. सिनेमातली पेटी ती हीच होती. म्हणजे सिनेमात वाजलं ते मुंबईचं ध्वनिमुद्रण नव्हतं, नाशिकच्या रिकाम्या नाट्यगृहातला नमुना होता. आणि नमुना गायल्या होत्या वत्सलाबाई.

मग तिच्या लक्षात दुसरी गोष्ट आली, आणि हातातला पेन तसाच राहिला. वत्सलाबाई काळी चारमध्ये गात. काळी चारला षड्ज धरला की त्यांचा तो ‘कच्चा’ निषाद येतो पांढरी पाचवर.

नऊच्या सुमारास सलाउद्दीन दुकानात आले तेव्हा तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “दादा, ही पांढरी पाच उतरलेली का आहे?”

“नांदगावच्या मुक्कामात ओल लागली. पावसाळी हवा होती.”

“ओलीनं एकच रीड कसं बिघडेल? शेजारची छत्तीस ठणठणीत आहेत.”

“जुनी पेटी आहे बेटा. तिचं ती जाणे.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. अरिबानं मागचं फळकूट उघडलं, आकड्यानं ते रीड ओढून काढलं आणि डबीत कापसावर ठेवलं. बोटाच्या पेराएवढी पितळी पट्टी, मधोमध एक पातळ जीभ. वारं लागलं की ती जीभ थरथरते, तोच सूर. दुपारी सिन्नरच्या लॅबमध्ये तिनं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गंज कुठेच नव्हता. टोकाशी कानशीचे आडवे ओरखडे होते, आणि मुळाशीही. घाईघाईत, एकावर एक, कित्येकदा मारलेले.

पेटी जुळवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. नवशिका आधी इकडे जास्त घासतो, मग ते सावरायला तिकडे जास्त घासतो, मग पुन्हा इकडे. शेवटी जीभ कागदासारखी होते आणि आणखी हात लावला तर तुटते. मग तो थांबतो, सूर जिथे असेल तिथे सोडून.

परतीच्या जीपमध्ये तिनं कानाला इयरफोन लावून सिनेमातलं आणखी एक पद ऐकलं. त्यात सुरुवातीला पेटी नाही, नुसता आलाप आहे, आणि त्यात वत्सलाबाई निषाद घेतात. तो तिनं घरी येऊन मोजला. मग दुकानात गेली.

“तुम्ही घासलंत ते,” ती म्हणाली.

सलाउद्दीननी डबी स्वतःकडे ओढली. “बावीस वर्षांचा होतो. कंपनीत लागून महिना झाला होता. सूर जरासाच चढला होता, मला वाटलं आपण जुळवू. रीड विलायती होतं, बदली मिळत नव्हतं. मल्हारीरावांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.”

“मग त्यांनी आजींना सगळ्यांसमोर बेसूर म्हटलं तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“पेटीवरच बसलो होतो.”

“किती वर्षं?”

“अरिबा.”

“किती वर्षं, दादा? कंपनी बंद पडली, मल्हारीराव गेले. नंतर कुणाची भीती होती? त्या मुंबईला का नाही गेल्या ठाऊक आहे ना तुम्हाला? ‘तिथली पेटी नवी, तिथं उघडी पडले असते.’ आपल्या घरात बसून सांगितलंय त्यांनी. तुम्ही वाटी पुढे केलीत, अजून थोडा शीरखुर्मा घ्या म्हणालात.”

“दर वर्षी त्यांचा तंबोरा जुळवून देतो,” सलाउद्दीन म्हणाले. “औषधं नेऊन देतो. दर वर्षी ठरवतो की या वेळी सांगायचं.”

लहानपणापासून अरिबाला ती भक्ती वाटत आली होती. घरात कौतुकानं सांगायचे, मास्तर बाईंना अजून किती मानतात. आता तिला त्या तंबोऱ्याचाही राग आला.

“तू कागदात लिही ना, ओलीनं बिघडलं म्हणून,” ते हळूच म्हणाले. “पेटी तीच आहे हे तरी सिद्ध होतंय. बाईंचं नाव लागेल. त्यांना कशाला दुखवायचं?”

“त्यांना की तुम्हाला?” अरिबानं डबी बंद केली. “पाच वाजायच्या आत मला मंडळात पोचायचंय. त्याआधी पंचवटी. तुम्ही सांगणार, मी नाही.”

पंचवटीतली वत्सलाबाईंची खोली पहिल्या मजल्यावर होती. त्या ऐंशीच्या पुढच्या. बांध्यानं लहान, पण बसत ताठ. सलाउद्दीन दारातच उभे राहिले आणि सगळं एका दमात सांगून मोकळे झाले, शाळेतल्या मुलानं पाठ केलेलं म्हणावं तसं. अरिबानं डबी उघडून टेबलावर ठेवली.

वत्सलाबाईंनी ती पितळी पट्टी उचलून उजेडाकडे धरली. एरवी त्या अगदी शहरी मराठी बोलत. आता त्यांच्या तोंडून माहेरची, सटाण्याकडची भाषा आली.

“तुले माहीत व्हतं?”

“हो, बाई.”

“मना गळा चांगला व्हता?”

अरिबाच बोलली. “आजी, ‘नीलकळा’त पेटी नसताना तुम्ही एकदा निषाद घेतलाय. मी मोजला. दोन भागांचा फरक आहे, शंभरातल्या दोन. एवढा फरक कुणाच्याच कानाला कळत नाही.”

“पन्नास वरीस,” वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी डबीत ठेवली आणि झाकण दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवलं. “बालवाडीतल्या पोरांसमोर प्रार्थना म्हणायचे ना, तेव्हासुद्धा तो सूर आला की आवाज लहान करायचे मी. चार वर्षांच्या पोरांसमोर. त्यांना काय कळणार होतं? पण मला वाटायचं, कळेल.”

“बाई, मला...”

“माफी मागू नकोस. मागितलीस तर मला द्यावी लागेल, लोक तसंच म्हणतील. ती मला द्यायची नाही.” पदर सारखा करून त्या उठल्या. “आणि उद्यापासून औषधं आणू नको. मेडिकलवाला पाठवतो. अरिबा, मंडळ किती लांब आहे? रिक्षा बोलाव. मास्तर, तूही चल. हे जे इथं बोललास ते तिथं बोल.”

पाचला दहा मिनिटं असताना दिनेश आहेरांच्या टेबलावर अरिबाचे तीन कागद, एक डबी आणि सलाउद्दीन यांच्या सहीचं निवेदन होतं. आहेरांनी आलेख वरवर पाहिले, निवेदन मात्र नीट वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा कुणी चहात मीठ टाकल्यासारखा झाला.

“पेटी तीच आहे, हे मान्य,” ते म्हणाले. “म्हणजे आवाजही बाईंचा. आपण असं करू, नामावलीच्या शेवटी ‘विशेष आभार’ म्हणून...”

“कसले आभार?” वत्सलाबाईंनी विचारलं. “मी काय सतरंज्या दिल्या होत्या का?”

“नाही, म्हणजे...”

“लिहा. गायिका, वत्सला सोनवणे. सुरुवातीला. त्याखाली ऑर्गन, सलाउद्दीन मास्तर.”

सलाउद्दीननी मान वर केली. “बाई, माझं नको.”

“का नको? ती जागा तुझी आहे ना? सगळे वाहवा करतात, क्लासांत शिकवतात. बस तिथं आणि घे ती वाहवा. मी पन्नास वर्षं घेतली, आता तू घे.”

आहेरांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, “नावं घालतो. शब्द देतो. एक विनंती आहे. रीडची ही गोष्ट रविवारी व्यासपीठावर नको. लोक प्रेमानं येतात. त्या जागेवर लेख आलेत, मीच एक लिहिलाय. त्यांना सांगायचं की हा विचारबिचार काही नव्हता, कानस जास्त घासली गेली? भ्रमनिरास होईल हो.”

“त्यांचा भ्रम,” अरिबा म्हणाली, “की तुमचा लेख?”

“तू थांब गं,” वत्सलाबाई म्हणाल्या. “नाही सांगत. व्यासपीठावर मी एक शब्द बोलणार नाही. चालेल?”

“फार उपकार झाले बाई,” आहेर म्हणाले आणि खरोखरच सुटल्यासारखे दिसले. अरिबा रागानं सगळ्यांच्या आधी जिना उतरली.

रविवारी सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेत अरिबा, तिच्या शेजारी वत्सलाबाई. सलाउद्दीन एक खुर्ची सोडून, कारण मधल्या खुर्चीवर वत्सलाबाईंनी आपली पिशवी ठेवली होती. आहेरांनी भाषण केलं, त्यात सुरांच्या थबकण्यावर पाच मिनिटं गेली. मग दिवे मालवले आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. गायिका : वत्सला सोनवणे. टाळ्या पडल्या. फार नाही, बऱ्याच लोकांना ही कोण ते माहीत नव्हतं. वत्सलाबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तोवर अक्षरं गेली होती.

“नीट दिसलं का?” अरिबानं विचारलं.

“दिसलं. ‘ला’चा काना जरा लांब आहे.”

तासाभरानं ते पद आलं. नदीकाठ, पुठ्ठ्याचा चंद्र, नावेत बसलेली नायिका. ती ओळ पदात तीनदा येते. पहिल्यांदा आवाज धैवतावर चढला आणि थांबला. त्या अर्ध्या सेकंदात सभागृहात एक मोठा उसासा झाला, मग तार षड्ज, आणि चारी बाजूंनी ‘वाहवा’. सलाउद्दीन गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत होते. मागचा एक माणूस बायकोला म्हणाला, “बघितलंस? याला म्हणतात जागा.”

दुसऱ्यांदा ओळ आली. आवाज धैवतावर पोचला, थांबला, आणि त्या रिकाम्या जागेत वत्सलाबाईंनी बसल्या बसल्या निषाद लावला.

आवाज म्हातारा होता, कडेला फाटलेला. पण सूर बरोबर त्याच्या घरात जाऊन बसला. पडद्यावरचा तरुण आवाज त्याच्यावर पाय ठेवून वर गेला, जणू पायरी आधीपासूनच तिथे होती. वाहवा आली नाही. माना वळल्या. पहिल्या रांगेत आहेर अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

“अहो आजी,” मागचा माणूस वाकून म्हणाला, “मध्ये गाऊ नका ना. एवढी सुंदर जागा घालवलीत.”

अरिबा त्याला उत्तर द्यायला वळली, पण वत्सलाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. त्यांना बोलायला वेळ नव्हता. अंतरा संपत आला होता, ओळ तिसऱ्यांदा येणार होती. त्यांनी पाठ खुर्चीपासून सोडवली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि या वेळी मोठा श्वास घेतला.